द्वारका भोजनालयाचं आग्रहाचं निमंत्रण

आमच्या चौक गावावरून पूर्वी अख्खी मुंबई पुण्याला जायची आणि अख्खं पुणं मुंबईला. मग एक्स्प्रेसवे झाला आणि दोघंही आम्हाला विसरले. जुन्या हायवेवर आता उरलेत ते टोल वाचवणारे. आणि जो टोल वाचवतो तो जेवणाचा डबाही घरूनच आणतो. अशा रस्त्यावर मी खानावळ चालवते हे ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या. माझे थोरले दीर लडकू भाऊजी रोज हसतात. हसतात आणि जेवतात.

खानावळीचं नाव द्वारका भोजनालय. द्वारका म्हणजे माझी सासू. तिच्या वेळेला ट्रकवाले बाहेर खाटेवर बसून नंबर यायची वाट बघायचे. गाळा सासऱ्यांनी बांधला आणि कागदावर नाव लावलं थोरल्याचं, कारण आमच्यात थोरला म्हणजे अर्धा देव. चुलीपुढे मरायला मात्र धाकट्याची बायको. तो धाकटा, दशरथ, माझा नवरा, रसायनीला एका कंपनीचा टेंपो चालवतो. माणूस वाईट नाही. पण भावासमोर चार शब्द बोल म्हटलं की त्याला तहान लागते. तांब्याभर पाणी पितो आणि गप्प बसतो.

एक दिवस भाऊजी कोंबडीची तंगडी चोखता चोखता म्हणाले, "सुनिता, एक मोमोवाला आलाय. पनवेलचा. गाळा मागतोय."

"मग?"

"मग काय? इथं मानूस फिरकत नाय. होळीपर्यंत बगतो. दुपारच्याला बसायला जागा नाय इतकं गिऱ्हाईक दिसलं तर र्‍हा. नायतर होळीला गाळा खाली कर."

"दिसणार कसं भाऊजी? सगळ्यात मोठ्या टेबलावर तुम्हीच बसलाय. तेही फुकट."

दशरथने तांब्या उचलला.

भाऊजींना राग आला नाही. त्यांना राग येतच नाही, आणि हीच माझी अडचण. त्यांनी आणखी रस्सा मागितला.

मी गाळा सोडून करणार काय होते? रसायनीच्या कुठल्यातरी कँटीनमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली भात उकडायचा? मी माझ्या चुलीची मालकीण आहे. ठरवलं, गिऱ्हाईक आणायचं. कुठून आणायचं ते माहीत नव्हतं.

त्याच सुमारास कर्जतला बचतगटाच्या बायकांसाठी शिबिर होतं. मोबाईलवर व्हिडिओ टाकून धंदा कसा वाढवायचा याचं. शिकवायला ऋजुता मॅडम. कर्जतच्या जुन्या वकिलांची सून, खादीची साडी, हातात काच फुटलेला पण महागाचा फोन. बोलायला गोड. तिने सांगितलं की बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकायच्या आत त्याला पकडायचं. मग म्हणाली, "तुमचा संघर्ष दाखवा. प्रत्येकीने इथे पुढे येऊन आपला संघर्ष सांगायचा."

झालं. एकेक बाई उठली आणि रडली. लोणचेवाली रडली, पापडवाली रडली, आणि जिचं सगळं बरं चाललं होतं ती काही सांगता येईना म्हणून रडली. माझी पाळी आली.

मी म्हणाले, "माझा संघर्ष म्हणजे माझा दीर. त्याला व्हिडिओत दाखवला तर लोक जेवायला येतील का?"

"ऑथेंटिक!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "किती ऑथेंटिक!"

याचा अर्थ हो की नाही ते मला आजवर कळलेलं नाही. पण एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्या म्हणाल्या, "लोकांना नुसती माहिती देऊ नका. आपुलकीने बोलवा. घरी बोलावल्यासारखं बोलवा." वर म्हणाल्या, "तुमचा व्हिडिओ आला की मी स्वतः मिस्टरांना घेऊन जेवायला येणार."

घरी बोलावल्यासारखं. सगळा घोळ इथे झाला.

व्हिडिओ काढणार कोण? आमच्याकडे कॅमेरेवाला एकच, रूपेश. बाजारात त्याचा श्रद्धा फोटो स्टुडिओ आहे. श्रद्धा त्याची बायको. पौष लागला होता. पौषात आमच्याकडे लग्न नाही, साखरपुडा नाही, हळद नाही, त्यामुळे रूपेश दुकानात माश्या मारत होता. मला बघून उठून उभा राहिला.

"वहिनी, असा व्हिडिओ करतो की तालुका हलंल."

रूपेशने जन्मात लग्नाशिवाय काही शूट केलेलं नाही. त्याने आधी गाळ्यावरून ड्रोन उडवला. मग मला आणि दशरथला खानावळीच्या दारात उभं केलं.

"वहिनी, दादाकडं बगा. हळूच. लाजून."

"का? त्याने काय केलंय?"

"दादा, तुमी वहिनीचा हात धरा."

"माझा हात पिठाचा आहे," मी म्हणाले.

"भारी! पिठाचाच पायजे."

मग त्याने तांदळाच्या भाकरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. कोंबडीच्या पातेल्याभोवती कॅमेरा फिरवला, नवरीभोवती फिरवतात तसा. माझ्या हाताखाली भाकऱ्या भाजायला सोनुबाई असते, डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. ती तव्यावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, कोंबडीला बाशिंग कवा बांधायचं?"

शेवटी रूपेशने विचारलं, "मुहूर्त कुठला टाकू?"

"मुहूर्त कसला? खानावळ रोज उघडी असते."

"रोज उघडं म्हटलं की कोन येत नाय वहिनी. लोकांना तारीख पायजे, टाइम पायजे. येत्या रविवारी, दुपारी बारा एकेचाळीस."

मला पटलं. हसू नका. तुम्हालाही पटलं असतं.

व्हिडिओ तयार झाला. आधी गणपती. मग सनई. मग माझ्या सासूचा हार घातलेला फोटो, त्याच्यामागून सूर्य उगवतोय. मग भारदस्त आवाजात कोणीतरी बोलायला लागतं, आमच्या येथे श्रीकृपेकरून द्वारका भोजनालय येथे गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी व वालाचं बिरडं असा बेत योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे. नजरचुकीने कोणास निमंत्रण पोचले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. निमंत्रक, श्री. लडकू ठोंबरे आणि समस्त ठोंबरे परिवार. आणि एकदम शेवटी भाऊजींचा चार वर्षांचा नातू बोबडं बोलतो, "आमच्या काकीआजीच्या हातेलात जेवायला यायचं हं!"

मी विचारलं, "रूपेश, निमंत्रक भाऊजी कसे?"

"मग काय तुमचं नाव टाकू? घरातला थोरला असताना? लोकं शेन घालतील माझ्या तोंडात."

तेही बरोबर होतं. दशरथचे डोळे भरून आले. "आईचा फोटो काय भारी दिसतोय," म्हणाला. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला त्यात काडीचंही चुकीचं दिसलं नाही. माणसाला जेवायला बोलवायचं असेल तर आमच्याकडे असंच बोलवतात. दुसरी कुठली भाषाच नाही. ताटाला किती रुपये हे त्यात कुठेच नाही, हे ना माझ्या ध्यानात आलं, ना दशरथच्या, ना रूपेशच्या. लग्नपत्रिकेत ताटाचा दर कोणी छापतं का?

व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर गेला. तिथून सोयऱ्यांच्या ग्रुपवर, तिथून क्रिकेटच्या, भजनी मंडळाच्या, कंपनीच्या. संध्याकाळपर्यंत कळंबपासून रसायनीपर्यंत सगळ्यांनी खाली हात जोडलेले टाकले. मी खूश. मी मूर्ख. रविवारसाठी मी जास्तीच्या कोंबड्या सांगून ठेवल्या.

रविवारी सकाळी सोनुबाई वेळेवर आली नाही. आली ती उशिरा, कोरी साडी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि मागे तिची निम्मी वाडी. येऊन सरळ बाकावर बसली.

"अगं, भाकऱ्या?" मी ओरडले.

"भाकऱ्या कशाच्या ताई? आज आमी पावनं. बोलावलंय ना तुमी?"

"अगं तू इथे कामाला आहेस!"

"कामाला उद्या येन. आज सपरिवार हाय."

मी तिला काही बोलणार एवढ्यात दारात जीप थांबली. जीपमधून आबाजी उतरले. आबाजी म्हणजे ठोंबरे भावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस. कान गेलेत, दात गेलेत, मान मात्र शाबूत. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. मागून त्यांची बायको, सुना, नातवंडं, आणि जीपच्या मागच्या बाजूने उतरणारी माणसं संपेनात.

"पंगत कुटं हाय?" आबाजी म्हणाले.

"आबाजी, टेबल आहेत ना."

"टेबलावर मुंबईची मानसं जेवतात. खाली पट्ट्या टाक."

दशरथने टेबलं बाहेर काढली आणि सोनुबाईच्या जागी भाकऱ्या थापायला बसला. खाली सतरंज्या पडल्या. मागून टेंपो आले, रिक्षा आल्या, रसायनीहून दशरथच्या कंपनीतली माणसं आली. पौषात पंगत नसते, कित्येक दिवस लोकांच्या पोटात लग्नाचा भात गेला नव्हता. जो तो इतका आनंदाने येत होता की मला भीती वाटायला लागली. एकाने येता येता माझ्या पाया पडून विचारलं, "नवरानवरी कुटं हायत?"

"कोंबडी शिजतेय," मी म्हणाले.

त्याच गर्दीत ऋजुता मॅडम आल्या. सोबत त्यांचे मिस्टर, सौमित्र. गरीब माणूस. मांडी घालता येत नव्हती तरी पहिल्या पंगतीत पाय आखडून बसला. दोघं पोटभर जेवली. मॅडमनी बिरड्याचा फोटो काढला, भाकरीचा काढला, आबाजींचा काढला. मग उठल्या, हात धुतले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "सुनिताताई, अप्रतिम! बिल किती झालं?"

आख्खी पंगत थांबली. घास हातात राहिले.

आबाजींनी कानाला हात लावला. "काय मागतेय ती?"

"बिल मागतेय आबाजी," कोणीतरी ओरडलं. "पैसं द्यायचं म्हनतेय."

"पैसं?" आबाजी उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांना राग कसा हळूहळू चढतो ते नीट दिसलं. "पोरी, कुनाच्या दारात आलीस तू? ठोंबऱ्यांनी बोलावलंय. उपस्थिती हाच आहेर असं सांगितलंय त्यात, मी सुनेकडून दोनदा ऐकलं. आनि तू पैसं दाखवतेस?"

"आजोबा, हे हॉटेल आहे," मॅडम म्हणाल्या. "ताईंचा व्यवसाय आहे."

"हाटेल हाय मग काय घर नाय?"

मी तिथेच उभी होते, हातात रश्श्याचा डाव. माझ्या पोटातून आवाज येत होता, घे, सुनिता, घे, अख्ख्या दिवसातलं एकच गिऱ्हाईक आहे. पण साठसत्तर डोळे माझ्यावर. त्यात माझ्या माहेरचेही. आग्रहाने बोलावलेल्या माणसाकडून ताटाचे पैसे घेतलेली बाई म्हणून माझं नाव पुढच्या तीन पिढ्यांनी घेतलं असतं.

"राहू द्या मॅडम," मी म्हणाले. दातांवर दात होते.

मॅडमही हट्टाच्या. "थांबा, मी स्कॅन करते," म्हणत त्या भिंतीवरच्या कोडच्या पाटीकडे फोन घेऊन निघाल्या. आबाजी त्यांच्या आधी पोचले. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पाटीवर लटकवला.

"आता काय करशील?" आबाजी म्हणाले.

सौमित्ररावांनी बायकोचा दंड धरला. "ऋजुता, चल. हे वकिलाचं काम नाही."

तेवढ्यात लडकू भाऊजी आले. नेहमीसारखे, बनियन आणि लुंगीत, दात कोरत. दुपारी फुकट जेवायचं आणि रिकामी खानावळ बघून हसायचं, एवढाच बेत. दारात जीप, टेंपो, चपलांचा ढीग. ते थबकले. आणि मग लोकांनी त्यांना पाहिलं.

"आले, आले! निमंत्रक आले!"

"लडकूशेठ, काय पंगत उठवलीय राव!"

"पौषात जेवन घालनारा एकच मर्द निगाला तालुक्यात!"

भाऊजींनी आयुष्यात कोणाला चहासुद्धा पाजलेला नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी लडकूशेठ आहे का ते. नव्हता. एकाने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, दुसऱ्याने खांद्यावर उपरणं टाकलं. आबाजी त्यांच्या गालावरून हात फिरवत म्हणाले, "बापाचं नाव काडलंस रं पोरा."

आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तो माणूस फुगला. बनियनमध्ये मावेना. हात आपोआप जोडले गेले. "या, या! पोटभर जेवा! कमी पडू देनार नाय! सुनिता, रस्सा आन इकडं!"

माझ्या कोंबड्या, माझा घाम, माझी चूल. आणि 'सुनिता, रस्सा आन.' डाव कुठे घालावा ते मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांच्या डोक्यावर टोपी होती.

दुसरी पंगत बसली. ही खास भावकीची. पत्रावळी मांडल्या, भात पडला, वर बिरडं पडलं. आतून सोनुबाई ओरडली, "ताई, सरा बाजूला! त्या दादाच्या भाकऱ्या म्हंजे गाडीचे टायर!" तिने पदर खोचला आणि पाहुणपण सोडून तव्यापुढे बसली. मला बरं वाटलं. आता फक्त वदनी कवळ व्हायचं बाकी होतं, तर आबाजींनी हात वर केला.

"धोंडी कुटं हाय?"

धोंडीमामा म्हणजे माझ्या सासूचे सख्खे भाऊ. आमच्यात मामा बसल्याशिवाय भावकी घास उचलत नाही.

"तो काय समोर," दारातला एकजण म्हणाला. "पंक्चरच्या दुकानासमोर टायरवर बसलाय. रिक्षातून उतरला तो तिकडंच गेला. रुसलाय."

पंगतीतून एक मोठा उसासा निघाला. भात गार व्हायला लागला. मामा रुसले की त्यांना आणायला जावं लागतं. आणि रुसलेला मामा पहिल्या माणसाबरोबर कधी येत नाही, तो दुसऱ्यालाही परतवतो. तिसऱ्याला काय म्हणेल ते त्याच्या मर्जीवर.

भाऊजींनी दशरथला पाठवलं. दशरथ रस्ता ओलांडून गेला, मामांसमोर उभा राहिला, आणि मग पंक्चरवाल्याकडे पाणी मागून परत आला.

"मी जाते," मी म्हणाले.

मामा ट्रकच्या जुन्या टायरवर हाताची घडी घालून बसले होते. बाजूने गाड्या जात होत्या. मला बघून त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

"मामा, चला जेवायला."

"मी कोन?" मामा म्हणाले. "सगळी नावं हायत त्या तुमच्या व्हिडिओत. लडक्याचं हाय. त्याच्या नातवाचं तोंड हाय. माझ्या बहिनीचा फोटो हाय, आनि तिच्या भावाचं नाव नाय? मी काय रस्त्यावरचा?"

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं. आमच्याकडे सुनेने अशा वेळी डोळ्यात पाणी आणायचं असतं. पण मी पहाटेपासून उभी होते. गल्ल्यात भवानीचा रुपया नव्हता, पाटीवर टॉवेल होता, दारात माझा दीर माझ्या अन्नावर मर्द झाला होता आणि होळी समोर दिसत होती. माझं डोकं फिरलं, आणि बरं झालं फिरलं.

"मामा," मी म्हणाले, "रुसलात ते लई चांगलं केलंत."

मामांनी मान वळवली. रुसल्याबद्दल त्यांना आजवर कोणी शाबासकी दिली नव्हती.

"पण नुसत्या नावावर रुसून उठू नका. एवढ्या माणसांत रुसलाय, तर काहीतरी मोठं रुसा."

"म्हंजे?"

"तुमच्या बहिणीच्या नावाचा गाळा भाऊजी होळीला खाली करून घेणार आहेत. मोमोवाल्याला देणार."

"मोमो म्हंजे काय?"

"वाफवलेली करंजी. आत गोड नसतं."

मामांनी हाताची घडी सोडली. "आत गोड नसतं?"

"नाही."

"आनि त्याच्यासाठी माझ्या द्वारकेची पाटी काडनार?"

त्यांनी चपला काढल्या. टायरवर मांडी घालून बसले, देव्हाऱ्यासमोर बसतात तसे. "जा. सांग लडक्याला. त्यानं सोता यायचं."

मी तिथूनच रस्त्यापलीकडे हाक मारली. "भाऊजी! मामा म्हणतात निमंत्रकाने स्वतः यायचं!"

भाऊजींना जावंच लागलं. टोपी, उपरणं, लुंगी. मागून सगळी पंगत उठून दारात आली, काही तर रस्त्यावर. रूपेश कॅमेरा घेऊन पुढे पळाला. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, काय झालं म्हणून.

"मामा, चला की," भाऊजी म्हणाले. "मानसं ताटकळलीत."

"गाळा कुनाला देनार हायस?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रककडे पाहिलं.

"ते... ते नंतर बोलू ना मामा. घरातलं हाय."

"बहीन माझी घरातलीच होती. तिचं नाव उतरनार असंल तर मी हितलं पानी बी घेनार नाय. हितंच बसनार. सांज झाली तरी बसनार."

दारातून कोणीतरी ओरडलं, "लडकूशेठ, बोला काय ते! भात गार झाला!"

"निमंत्रक तुमी हायत!" दुसरा ओरडला.

मला सांगायला आवडेल की भाऊजींना त्या क्षणी आईची आठवण झाली. तसलं काही झालं नाही. त्यांच्या डोक्यावर टोपी होती आणि ती त्यांना उतरू द्यायची नव्हती, एवढंच झालं. भूक लागलेली भावकी एका बाजूला, मोमोवाला दुसऱ्या बाजूला. मोमोवाल्याने त्यांना कधी लडकूशेठ म्हटलं नव्हतं.

"नाय देनार," भाऊजी पुटपुटले.

"मोठ्यानं," मामा म्हणाले. "आबाजीला कमी ऐकू येतं."

"गाळा कुनाला देनार नाय! खानावळ सुनिताच चालवनार!"

"काय म्हनतोय?" रस्त्यापलीकडून आबाजी ओरडले.

"खानावळ सुनिताची!" भाऊजींनी बेंबीच्या देठापासून बोंब मारली. "होळीला नाय, कवाच काडनार नाय!"

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मामा टायरवरून उतरले, चपला घातल्या, उपरण्याचं टोक झटकलं आणि भाऊजींच्या पुढे चालत पंगतीत मानाच्या जागी जाऊन बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "भात गार हाय."

माझ्या हातून त्यांना पहिलं वाढलं गेलं, तंगडीसकट.

ऋजुता मॅडम जाताना मला मिठी मारून म्हणाल्या, "हा एंगेजमेंटचा परिपाक आहे." मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या शिबिरात बायकांना रडवण्याआधी दर टाकायला शिकवा." त्या हसल्या. मी हसले नाही.

रूपेशने तो मामांचा व्हिडिओ त्याच रात्री टाकला. खाली सनई लावली होती अर्थात. आता दिलेला शब्द भावकीच्या कानातच नाही, अख्ख्या जिल्ह्याच्या खिशात होता. मोमोवाल्याने बघितला आणि पुन्हा फोन केला नाही. कोंबडीवाल्याला मी निमंत्रकाकडे पाठवलं. भाऊजींनी मुकाट्याने पैसे दिले. टोपी महाग असते.

गिऱ्हाईक वाढलं का? वाढलं. व्हिडिओ बघून लोक खरंच यायला लागले, कोणी पुण्याहून, कोणी कळंबच्या रिसॉर्टवरून. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "ते लडकूशेठ कुठे आहेत?" आणि लडकूशेठ असायचेच. रोज इस्त्रीचा सदरा, टोपी, दारात खुर्ची टाकून. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. इथपर्यंत ठीक. पण एका दुपारी पुण्याची एक फॅमिली जेवून गल्ल्यापाशी आली आणि भाऊजी मागून हात हलवत म्हणाले, "राहू द्या, राहू द्या! घरचंच हाय!"

गाळा वाचला होता आणि हा माणूस तो पुन्हा बुडवायला निघाला होता. चांगुलपणाने. आधीचा कंजूस परवडला.

मी गल्ल्यावरून उठले. त्यांची खुर्ची उचलली, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली.

"भाऊजी, तुमचं काम इथे."

"हितं काय करू?"

"बोलवा. तुमच्याइतकं कोणाला जमत नाही. बोलवायचं तुम्ही. पैसे घ्यायचे मी. आत पाऊल टाकायचं नाही."

"बायामानसानं मला सांगायचं?"

"दोन वाजता ताट बाहेर आणून देते."

दशरथ दारात उभा होता. त्याच्या हाताशी तांब्या होता. तो तांब्याकडे बघत राहिला, पण उचलला नाही. "दादा, सुनिता बरोबर सांगतेय," म्हणाला. लग्नानंतर प्रथमच. मग मात्र पाणी प्यायला.

भाऊजींनी जरा वेळ तोंड पाडलं. तेवढ्यात कर्जत फाट्याकडून एक पांढरी गाडी येताना दिसली. ते उठले, टोपी नीट केली, दोन्ही हात जोडले आणि रस्त्यावर असे वाकले की ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागला.

"या, या! सहकुटुंब या!"

गाडीची दारं उघडली. पाचजण उतरले. मी गल्ल्यावर बसून होते. त्यांनी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत मी मोठ्याने सांगितलं, "गावठी कोंबडीचं ताट साडेतीनशे, बिरड्याचं दोनशे. पैसे जेवून झाल्यावर, माझ्याकडे."

"बरं ताई," गाडीवाला म्हणाला आणि टेबल शोधायला लागला.